मेणबत्ती हलेपर्यंत

सिस्टरांच्या घरातली वरची खोली हवी असेल तर गाव कुठलं, आडनाव काय, मटण शिजवणार का, असले प्रश्न होत नसत. एक जपानी कार्टून बसून पाहावं लागे.

'कार्टून' हा त्यांचा शब्द. त्यांची भाची त्याला ॲनिमे म्हणे, तेही दुरुस्ती केल्यासारखं, आणि सिस्टर "हव, तेच ते" म्हणून पुन्हा कार्टूनच म्हणत. पण कार्टून म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं त्यात काहीही नव्हतं. हाताने काढलेल्या चित्रांची ती जुनी मालिका होती. कुठल्याशा मध्ययुगीन राज्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली लढाई, साथीचा रोग, विहिरीतून वर येणारे सैतान आणि चिखल. चिखल फार. नायक भाडोत्री शिपाई. अर्धा चेहरा भाजलेला, पाठीवर दाराएवढी ढाल, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. हसणारं असं एकच पात्र होतं, राजाचा विदूषक. तो दुसऱ्याच भागात मेला.

हे सगळं रायपूरच्या गुढियारीत, मालधक्क्यामागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सत्तरी गाठलेल्या एका निवृत्त मेट्रनच्या बैठकीत रोज संध्याकाळी चालत असे. बाहेर मालगाड्यांची शंटिंग, आत घोड्यांच्या टापा. कुठला आवाज कुठून येतोय हे नव्या माणसाला आठवडाभर कळत नसे.

आख्खा पारा त्यांना सिस्टर म्हणायचा. त्यांना आवडायचं 'मेट्रन', पण ते म्हणणारे सगळे एकतर निवृत्त झाले होते किंवा वारले होते. उंचीने बेताच्या, पाठ ताठ, पांढरी सुती साडी, आणि घड्याळ मनगटावर न बांधता खांद्याशी पिनेने उलटं टाचलेलं. मोठ्या इस्पितळात जन्म घालवला होता. तो संपला हे त्यांनी मान्य केलेलं नव्हतं. दुधवाला, वीजमीटर वाचणारा, भाडेकरू, सगळ्यांकडे त्या आधी पेशंट म्हणून पाहत आणि मग गरज पडली तर माणूस म्हणून. सर्वांना 'भैया'. मलाही भैया. पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून त्या म्हणाल्या, "भैया, हिमोग्लोबिन कमी आहे. काम काय करता?"

मी सांगितलं, नव्या रायपूरला एका संस्थेत आहे, संचालकांची भाषणं लिहून देतो.

"मंग बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मला तिथं नेणारा दलाल वाटेत सांगत होता, "कुछ भी हो जाए, उठना मत. बोलना मत." मला वाटलं, कुत्रा असेल. कुत्रा नव्हता. बैठकीत पेटीसारखा जुना टीव्ही होता, पाठीमागे कुबड असलेला, आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. समोर चार खुर्च्या. सिस्टरांनी मला एकीवर बसवलं, हातात मूगडाळीच्या गरम मुंगोड्यांची बशी दिली आणि तबकडी लावली.

त्या भागात एक लांबलचक प्रसंग होता. तंबूत एक म्हातारा शिपाई मरणपंथाला लागलाय आणि आपला ढालवाला त्याच्या उशाशी येऊन बसतो. गुडघ्यांवर हात. बस्स. पुढे काहीच होत नाही. संवाद नाही, संगीत नाही, कुणी पापणीही हलवत नाही. एकच चित्र पडद्यावर तसंच राहतं. कोपऱ्यात एक मेणबत्ती आहे, तिची ज्योत मात्र हलत असते, तीही इतकी थोडी की मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसू नये. हे इतका वेळ चालतं, की कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात एकच गोष्ट यावी: बंद पडलं.

माझ्याही मनात आली. बोलणारही होतो. पण तेवढ्यात आख्खी मुंगोडी तोंडात टाकली होती, ती आतून विस्तवासारखी निघाली, आणि डोळ्यांत पाणी येऊनही तोंड उघडण्याची सोय राहिली नाही. मी निश्चल बसून राहिलो. प्रसंग संपला. सिस्टरांनी माझ्या भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि भाचीला म्हणाल्या, "भैयाले वरची चाबी दे."

नंतर कळलं, माझ्या आधीचे कितीजण याच प्रसंगाला कामी आले होते. एका बँकवाल्याने "सिस्टर, हँग हो गया" म्हणून रिमोट मागितला. एक ठेकेदार वायर तपासायला टीव्हीच्या मागे गेला. नवराबायकोचं एक जोडपं त्या वेळात आपापल्या मोबाइलवर जाऊन परतलं होतं आणि आपण गेलो होतो हे त्यांना कळलंही नव्हतं. चहा सगळ्यांना मिळाला, चावी कुणाला नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, हे असं काहून? (त्यांच्या घरात राहून 'का' म्हणायची माझी सवय गेली होती.)

"वॉर्डात लोक येतात ना भैया," त्या म्हणाल्या, "सफरचंद ठेवतात. 'काळजी करू नका' म्हणतात. मंग घड्याळ पाहतात. आजाऱ्यापाशी बोलणारे ढीगभर. बसणारा भेटत नाही. मी तं पाहूनच सांगत होती, हा बसन, हा नाही बसन."

"पण मला तर फक्त खोली हवी होती."

"अन् मी पडली एखाद दिवशी, तं वरून खाली कोण येईन? बँकवाला?"

ही मालिका त्यांच्याकडे आली तीही अशीच, पेशंटसारखी, कुणीतरी सोडून गेल्यामुळे. आधीचा एक भाडेकरू, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, घाईत गाव सोडताना तबकड्यांची पिशवी विसरला. सिस्टरांनी ती जपून ठेवली, तो येईल म्हणून. नाही आला. मग आत काय आहे ते पाहायला म्हणून एक लावली, आणि सापडली ती ही. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. त्यातही टीव्ही जुना असल्यामुळे चित्राची खालची पट्टी कापली जाई, आणि अक्षरांची फक्त टोकं दिसत, पाण्यात बुडालेल्या गवतासारखी. याचा सिस्टरांना त्रास नव्हता. पेशंट काय बोलतो यावर त्यांनी आयुष्यात कधी निदान सोडलं नव्हतं.

गोष्ट त्यांनी स्वतःच लावली होती, इस्पितळाच्या हिशेबाने. राजा म्हणजे सुपरिंटेंडेंट. त्याचा प्रधान हेडक्लार्क. काळ्या झग्यातला एक लांबट चेहऱ्याचा इसम कंपाऊंडर, कारण तो दर भागात कुणाला तरी बाटलीतलं काहीतरी पाजायचा. ढालवाला वॉर्डबॉय. मी इंटरनेटवर शोधून एकदा सांगितलं, की तो कंपाऊंडर प्रत्यक्षात त्या राज्याचा धर्मगुरू आहे आणि बाटलीत मंतरलेलं पाणी असतं.

"कोणी वाचलं त्याच्यानं?"

"नाही. सगळे मरतात."

"मंग कंपाऊंडरच आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि विषय संपला.

सकाळी त्यांच्याकडे बुद्धवंदना असे. आवाज गोड नव्हता, पण स्वच्छ होता. अगरबत्ती, फुलं, भिंतीवरच्या तसबिरींना हार. आणि संध्याकाळी त्याच खोलीत मुंडकी उडत. मला हे जुळत नव्हतं आणि मी तसं बोललो. त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सकाळी म्हणतो आपण, दुःख आहे. मंग संध्याकाळी पाहून घ्याव, आहे का नाही."

"मग?"

"आहे."

मी पुस्तकं वाचलेला माणूस. असल्या तलवारी-सैतानांच्या प्रकाराकडे वरून पाहायची मला सवय. पण वर राहायचं म्हणजे खालून जावं लागे, जाताना बसावं लागे, आणि बसता बसता मला त्या मालिकेची खोड कळत गेली. करणाऱ्यांकडे पैशाची चणचण असावी, ते जागोजाग दिसे. घोड्यांचे पाय चित्रकारांना जमले नव्हते, म्हणून घोडदळ कायम धुक्यातून नाहीतर उंच गवतातून जाई. गर्दी काढणं परवडत नव्हतं, म्हणून लढाई संपल्यावरचं मैदान दाखवत. पण चेहऱ्यांवर त्यांनी जीव ओतला होता. एखादं क्षुल्लक पात्र, गाडी हाकणारी म्हातारी, तिच्या कपाळावरच्या आठ्याही कुणीतरी बसून काढलेल्या. अंधार तर खरा अंधार होता. हल्ली पडद्यावर रात्र म्हणजे निळं ऊन असतं. इथं मेणबत्ती विझली की दिसायचं बंद.

आणि एक गोष्ट होती जी सिस्टरांनी दाखवल्यावर मला सतत दिसायला लागली. त्या राज्यात भाषण देणारा माणूस फार दिवस टिकत नसे. सेनापती टेकडीवर उभा राहून सैन्याला चार शब्द सांगू लागला, की सिस्टर पदराने चष्मा पुसून घेत आणि म्हणत, "चाललं हे." आणि तो जाई. राज्याभिषेकाचा सोहळा फार सुंदर रंगवला होता, तुताऱ्या, झेंडे, फुलं. त्याच्याच शेवटी किल्ल्याचा दरवाजा पडला. "ज्याचा मुकुट मोठा, तो बाणाले आधी दिसते," हे त्यांचं निरीक्षण मी आमच्या संचालकांच्या एका भाषणात घालण्याच्या विचारात होतो. नोकरीचा विचार करून घातलं नाही.

भाषणांवर त्यांचा हा राग कुठला, ते भाचीने सांगितलं, एकदा जिन्यात, कपडे वाळत घालता घालता. भाची मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट. लहानपणापासून सिस्टरांकडेच वाढलेली. मराठी सगळं समजे, उत्तर हिंदीत देई. म्हणाली, "मौसाजी गार्ड थे ना भैया, मालगाड़ी पे. जब गए, तब मौसी के ही अस्पताल में भर्ती थे. ऊपर के वार्ड में. और मौसी नीचे लाइन में खड़ी थीं, गुलदस्ता लेके. कोई बड़े साहब आए थे. उनका भाषण खतम ही नहीं हो रहा था."

एवढं सांगून तिने उशीचा अभ्रा झटकला आणि दुसऱ्या विषयावर गेली.

तर या घरात भाचीचं लग्न निघालं.

मुलगा तिनेच पाहिला होता. उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इंजिनिअर. मिलच्या धुळीने डोळे लाल व्हायचे, म्हणून थेंब घ्यायला तिच्या दुकानात यायचा. पुढेपुढे डोळे बरे झाले तरी यायचा. वडील नव्हते, आई साधी. घरातला शब्द मामांचा, आणि मामा नागपूरला. भाचीला दुसरं काही नको होतं. तिला हा मुलगा हवा होता आणि सिस्टरांचा होकार हवा होता, आणि या दोहोंच्या मधे तो टीव्ही होता.

तिने मुलाला तयार केलं. महिनाभर. दुकानाच्या मागच्या बाकावर त्याला बसवायची, गुडघ्यांवर हात ठेवायला लावायची, आणि स्वतः गिऱ्हाईक करायची. "आसमान टूट पड़े, हिलना मत," हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. पोरगा गुणी होता. मिलमध्ये इतका आवाज असतो, की तिथं बोलण्याची सवय आपोआप मोडते. निम्मं काम तिथंच झालं होतं.

मामांना मात्र कुणी तयार केलं नव्हतं. तेवढं एक राहिलं.

मामा आले तेच मुळी व्यासपीठावर चढल्यासारखे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, आणि निवृत्तीनंतर कितीतरी मंडळांचे, समित्यांचे पदाधिकारी. मला कार्ड दिलं. पदं पुढच्या बाजूला मावली नव्हती, म्हणून मागे चालू राहिली होती. खुर्चीवर बसले, घसा साफ केला आणि "आजच्या या अत्यंत मंगल अशा प्रसंगी" इथून सुरुवात केली. ऐकायला आम्ही पाचजण होतो, त्यात मुलाची आई वरण उतू गेलं का पाहायला भाचीबरोबर आत गेली होती. सिस्टरांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. मी मनात म्हटलं, चाललं हे.

"मामाजी," त्या म्हणाल्या, "आधी थोडं कार्टून पाहून घेऊ."

मामा हसले. त्यांना तो विनोद वाटला. तबकडी लागली तेव्हा त्यांनी मोठेपणाने सांभाळून घेतलं. आमच्या नातवालाही आवड आहे म्हणाले. ढालवाला आला, विहीर आली, सैतान आला, मामा टिकले. मग तंबू आला. म्हातारा शिपाई. उशाशी ढालवाला. मेणबत्ती.

मी मामांकडे पाहत होतो. प्रथम त्यांनी खिसे चाचपले. मग छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्याकडून काही मार्गदर्शन होईल म्हणून. सभेत शांतता पडली, की माइक बंद पडला असं समजायचं, एवढंच त्या माणसाला आयुष्याने शिकवलं होतं. आणि माइक बंद पडला की काय करायचं हे त्यांच्या हाताला पाठ होतं. ते उठले, पुढे झाले आणि त्यांनी टीव्हीच्या डोक्यावर तळहाताने दोन थापा मारल्या.

आत काहीतरी टक् झालं. चित्र आत आत ओढलं गेलं, मधोमध एक निळा ठिपका राहिला, आणि तोही गेला.

मुलगा तसाच बसलेला होता, गुडघ्यांवर हात, नजर काळ्या पडद्यावर. एकतर आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही या हुकमाची तो अंमलबजावणी करत होता, किंवा हाही मालिकेचाच भाग आहे असं त्याला वाटत असावं. सिस्टर त्याच्याकडे पाहत राहिल्या. काळा टीव्ही, त्याच्यासमोर तो पोरगा, आणि उभे मामा. बराच वेळ. मग त्या म्हणाल्या, "पोट्टा बसते."

दाराशी उभ्या भाचीचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

"त्याले शिकवलं आहे, मले समजते," सिस्टर पुढे म्हणाल्या. "शिकवला तरी चालते. नर्सलेही शिकवाच लागते. पोट्टा चालते मले." आणि मामांकडे वळून, अगदी साधेपणाने, ताप किती आहे ते सांगावं तशा आवाजात, "मामा नाही चालत."

"ताई," मामा म्हणाले. आवाज खाली आला होता. "मी आयुष्यात पुष्कळ मुलाखती घेतल्या. कार्टूनच्या परीक्षेला बसायला मी आलो नव्हतो."

"म्हणून तं नाही बसले."

ते गेले. मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन गेले. मुलाने जाताना एकदा मागे पाहिलं. स्वयंपाक तसाच राहिला. तो पुढे दोन दिवस आम्ही खाल्ला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. भाचीने मावशीशी बोलणं टाकलं. एकाच खोलीत दोघी, मधे मी, आणि मला मध्यस्थ म्हणून वापरत. "भैया, मौसी से कहिए खाना रखा है." "भैया, तिले सांगा मले भूक नाही." मी निरोप्यासारखा मान वळवायचो. पंडरीच्या बाजारातून एक मेकॅनिक आणला. त्याने टीव्हीच्या कुबडात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "अम्मा, ये पार्ट तो अब अजायबघर में मिलेगा."

तरी संध्याकाळी सिस्टर त्याच खुर्चीवर बसत. समोर काळा टीव्ही, त्यावर रुमाल. मी एकदा माझा लॅपटॉप देऊ केला. त्या मालिकेची नवी आवृत्ती निघाली होती, संगणकावर केलेली, तीही लावून दाखवली. झगझगीत. घोड्यांना पाय होते. तंबूच्या प्रसंगात आता व्हायोलिन होतं, आणि ढालवाल्याला त्याचं बालपण आठवत होतं. सिस्टरांनी थोडं पाहिलं.

"हे आजारी नाही वाटत," त्या म्हणाल्या. "सगळे फेशियल करून आले."

भाचीने मला गाठून विनवलं, भैया, तुम्ही तर साहेबलोकांसाठी लिहिता, मौसीला फोनवर बोलायला दोन चांगली वाक्यं लिहून द्या, मामा खूश होतील असं काहीतरी. मी लिहिलं. मनापासून लिहिलं. 'अनवधानाने', 'उभयपक्षी', 'ऋणानुबंध' सगळं आलं. सिस्टरांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "कोण मेलं?"

मी कागद परत घेतला.

"सिस्टर, तिचं लग्न मोडेल," मी म्हणालो. पहिल्यांदाच त्यांच्याशी असा बोललो. "मामांना बसता येत नाही म्हणून मुलीने काय करायचं?"

त्यांनी टीव्हीवरचा रुमाल सरळ केला. "मले माहीत आहे भैया, माह्यामुळे अडलं. पण ते घर मामाचं आहे. उद्या पोट्टी बाळंत होईन, आजारी पडन, तं निर्णय कोण घेईन? मामा. ती वेदनेत राहीन अन् हा माणूस भाषण करन." मग म्हणाल्या, "मी मरून गेल्यावर तिच्यापाशी कोण आहे, एवढंच पाहून राहिली. दुसरं काय पाहाव मी?"

परत घेतलेला कागद मी फाडून टाकला.

गाडी रुळावर आणली ती त्या मुलाने, आणि तीही एकमेव विद्या वापरून जी त्याला शिकवली गेली होती. साप्ताहिक सुट्टीला तो उरल्याहून निघायचा, नागपूरला मामांच्या दिवाणखान्यात जाऊन बसायचा, गुडघ्यांवर हात ठेवून. मागणी नाही, तक्रार नाही, रडणं नाही. मामांनी समजावलं, तो बसला होता. मामांनी खानदानाच्या इभ्रतीवर बोलून पाहिलं, तो बसला होता. संध्याकाळी पाया पडून परत. पुढच्या सुट्टीला पुन्हा. मामांकडे प्रत्येक मुद्द्याला प्रतिमुद्दा होता, पण मुद्दाच न मांडणाऱ्या माणसाचं काय करायचं याची त्यांच्या कुठल्याच समितीत चर्चा झालेली नव्हती. मामी वारल्यापासून त्या दिवाणखान्यात असं कुणी येऊन बसलेलंही नव्हतं, हे मामांनीच नंतर सांगितलं, तेही मोठ्या मुश्किलीने, एका वाक्यात. त्यांच्या मानाने ते मौनच.

एका रविवारी दुपारी मिलच्या सळ्या पोचवून नागपूरहून रिकामा परतणारा एक ट्रक पाऱ्याच्या तोंडाशी येऊन थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी मामा. मागे तो मुलगा, मांडीशी एक मोठं गाठोडं सांभाळत. दोघांनी ते उचलून बैठकीत आणलं आणि सोडायला घेतलं. एक शाल निघाली. तिच्याखाली दुसरी. मग तिसरी. सत्काराच्या शाली, काहींवर संस्थांची नावंही विणलेली. सगळ्यात आत एक टीव्ही होता. जुना, पेटीसारखा, कुबडवाला. मामी त्यावर मालिका पाहायच्या. त्यांच्यानंतर तो कुणी लावला नव्हता आणि मामांनी कुणाला उचलूही दिला नव्हता.

मामांनी घसा साफ केला. मी सिस्टरांच्या चष्म्याकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं असावं. ते खुर्ची ओढून बसले.

भाचीने तबकडी लावली. या टीव्हीवर चित्र पूर्ण दिसत होतं, खालची इंग्रजी अक्षरंसुद्धा. सिस्टर जरा नाराज झाल्या आणि खालच्या पट्टीवर त्यांनी एक शाल दुमडून टाकली. विहीर गेली, सैतान गेला. तंबू आला. म्हातारा शिपाई. ढालवाला. मेणबत्ती.

मामांचे हात एकदा खिशाकडे गेले आणि अर्ध्यातून परत आले. त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले. शेजारी भाचा, तोही तसाच. दोघंही ढालवाल्यासारखे. मामांच्या गळ्याशी एक शीर उडत होती. पण माणूस बसला होता. पहिल्यांदा नुसता टिकून बसला होता. मग, मला वाटतं, तो म्हाताऱ्या शिपायाच्या चेहऱ्याकडे खरंच पाहायला लागला. त्यांची मान किंचित पुढे झाली. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही.

प्रसंग संपायची वेळ झाली. मला तो आता पाठ होता. पण तो संपला नाही. मी आणखी थोडा थांबलो आणि मग कोपऱ्यात पाहिलं. ज्योत हलत नव्हती.

तबकडी अडकली होती. ती सोडून गेलेल्या विद्यार्थ्याइतकीच जुनी झाली होती, चरे पडले होते, आणि आज, नेमकी आज, खरोखर बंद पडली होती.

मी भाचीकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांना आमच्या आधी कळलं होतं. इतकी वर्षं ती ज्योत पाहणाऱ्या त्या एकट्याच. मी उठायला हललो, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे न पाहता उजवं बोट ओठांवर ठेवलं, पूर्वी इस्पितळाच्या भिंतीवर चित्रातली नर्स ठेवायची तसं.

मी बसलो. आम्ही सगळेच बसलो. चहावर साय आली. बाहेर एक मालगाडी आली, थांबली, डबे एकमेकांवर आदळत गेले आणि पुन्हा शांत झाले. कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. पडद्यावर काहीही घडत नव्हतं, आणि मामा त्या काहीही न घडण्याकडे पाहत बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, डोळ्यांत हळूहळू पाणी साठत, आणि ते पुसायलाही त्यांचा हात उठत नव्हता.

शेवटी ते सिस्टरांकडे जरासे झुकले. वॉर्डात बोलतात तेवढ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "ताई, गेला का तो?"

सिस्टरांनी न हलणाऱ्या मेणबत्तीकडे एकदा पाहिलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "बसा."